‘घरच्यासारखा’ म्हणजे किती आपला?

गुढीपाडव्याच्या दिवशी विदर्भातील खेड्यापाड्यांत दोन गोष्टींचा आरंभ होतो. घरावर गुढी उभी राहते आणि शेतावरच्या सालगड्याचे ‘साल’ सुरू होते. वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुकाही याला अपवाद नाही. साल किती रुपयांचे, धान्य किती, कपड्यांचा जोड द्यायचा की नाही, उचल किती आणि ती कशी वळती करायची, हे सारे बैठकीत बसून बोलीने ठरते. दोन-चार माणसे साक्षीला असतात, चहा होतो आणि व्यवहार पक्का होतो. पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या शेताचा, त्या गोठ्याचा आणि पुष्कळदा त्या घराचाही होऊन जातो. मालकाला त्याच्याविषयी विचारले, तर उत्तर ठरलेले असते, ‘तो काही आमचा नोकर नाही, घरच्यासारखाच आहे.’

हे उत्तर नेहमीच खोटे असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सालगड्याच्या घरी आजारपण आले, मुलीचे लग्न निघाले, तर मालकाचा हात सैल सुटल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. परंतु हा जिव्हाळा जेथे संपतो, तेथून खरा प्रश्न सुरू होतो. साठी उलटल्यावर, पाठ वाकल्यावर या ‘घरच्या’ माणसाचे काय? रात्री ओलिताला गेला असताना साप चावला, मोटारपंपाचा धक्का बसला, तर त्याच्या बायकामुलांना कोणाच्या दारात उभे राहायचे? त्याने त्या शेतात वीस वर्षे घाम गाळला, याचा पुरावा कोठे आहे? घरच्या माणसाला घरात वाटा असतो. घरच्यासारख्या माणसाला मात्र केवळ आशा असते. या दोहोंमधील अंतर म्हणजेच आजचा कामगार कायदा आणि त्याची अपूर्णता.

आष्टी हे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कोरले गेले आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, येथील पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकविण्यासाठी निघालेल्या जनसमुदायावर गोळीबार झाला आणि त्यात गावोगावच्या साध्या माणसांनी देह ठेवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा सारा परिसर त्या काळी भारून गेला होता. ज्या स्वराज्यासाठी हे रक्त सांडले, त्या स्वराज्यात अखेरच्या रांगेतील श्रमिकाला उतारवयात हक्काची भाकरी मिळते का, हा प्रश्न आष्टीसारख्या ठिकाणी विचारणे म्हणूनच औचित्याचे ठरते.

संख्येच्या उंबरठ्याबाहेर

स्वतंत्र भारताने कामगारांसाठी केलेले कायदे थोडे नाहीत. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा, १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, १९६५ चा बोनस कायदा आणि १९७२ चा उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, हे सामाजिक सुरक्षेचे पाच आधारस्तंभ मानले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. आता वेतन व बोनस एका संहितेत, तर निधी, विमा, उपदान व मातृत्व लाभ दुसऱ्या संहितेत आले आहेत. विखुरलेल्या तरतुदी एकत्र आल्या, वेतनाची व्याख्या एक झाली, मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतरही उपदानाचा प्रमाणशीर हक्क मिळाला. या सुधारणा स्वागतार्हच आहेत.

मात्र या सर्व तरतुदींच्या दाराशी एक उंबरठा आहे आणि तो डोकी मोजणारा आहे. भविष्य निर्वाह निधी आणि बोनस यांच्यासाठी सर्वसाधारणपणे वीस, तर राज्य विमा, उपदान आणि मातृत्व लाभ यांच्यासाठी दहा कर्मचारी असावे लागतात. जुन्या कायद्यांत हीच रचना होती आणि संहितांतही ती मुख्यतः कायम राहिली. मुंबई-पुण्याच्या कारखान्यात उभे राहून पाहिले, तर हा उंबरठा ठेंगणा वाटतो. आष्टीच्या बाजारपेठेत उभे राहिले, की तो डोंगराएवढा दिसतो. कापडाच्या दुकानात चार माणसे, औषधांच्या दुकानात दोन, कृषी सेवा केंद्रात तीन, उपाहारगृहात पाच-सहा, पेट्रोल पंपावर सात-आठ. कोणाही मालकाने काहीही लबाडी न करता हे सारे कर्मचारी कायद्याच्या बाहेर राहतात, कारण कायदाच त्यांच्यापर्यंत येत नाही.

नव्या संहितांविषयी बोलताना ‘आता प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र’ हे वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. उद्देश उत्तम आहे. परंतु नियुक्तीपत्राची सक्ती ज्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आहे, तिच्यात आस्थापनेची सर्वसाधारण व्याख्याच दहा किंवा अधिक कामगारांची आहे. म्हणजे चार नोकरांच्या दुकानातील पोऱ्यापर्यंत ते पत्र कायद्याच्या बळावर पोहोचत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही मुख्य तरतुदी दहा व त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरत्याच ठेवल्या होत्या. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. व्यापाऱ्यांवरील कागदपत्रांचा जाच कमी व्हावा, हा हेतू समजण्याजोगा आहे. मात्र जाच कमी करताना नोंदही नाहीशी झाली, तर ज्याच्या नावाची कोठेच नोंद नाही, अशा माणसाची संख्या वाढते, याचे भान ठेवायला हवे.

सालगड्याची स्थिती तर याहून निराळी. वेतन संहितेचे किमान वेतन त्यालाही लागू आहे. परंतु शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला मजुरीची नोंदवही आणि वेतनपावती यांतून सूट दिलेली आहे. अधिकाऱ्याने मागणी केल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा, एवढीच अपेक्षा आहे. लहान शेतकऱ्याला वह्या-रजिस्टरांत गुंतवू नये, हा विचार योग्यच. पण ज्याला पावतीच मिळत नाही, त्याने वीस वर्षांची सेवा सिद्ध कशी करावी, याचे उत्तर या सवलतीत नाही.

याचा परिणाम किती दाहक असू शकतो, हे एका उदाहरणाने लक्षात येईल. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास त्याच्या कुटुंबाला दोन लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देणारी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. तिचा लाभ वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला मिळतो. सर्पदंशही तिच्यात येतो. आता त्याच शेतात, त्याच बांधावर, त्याच सापाने भूमिहीन सालगड्याला दंश केला, तर? सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, कुटुंबाच्या शिधापत्रिकेवरही नाही. ‘घरच्यासारखा’ हा शब्द कोणत्याही सरकारी अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

उपकार नव्हे, राखून ठेवलेले वेतन

या प्रश्नाकडे पाहण्याची एक स्वच्छ दृष्टी आष्टीच्या शेजारीच जन्माला आली. आष्टी हा पूर्वी आर्वी तालुक्याचाच भाग. त्या आर्वीत १० नोव्हेंबर १९२० रोजी दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म झाला. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या कार्यकर्त्याने काही काळ इंटकमध्ये राहून कामगार चळवळीचा अनुभव घेतला आणि २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्य टिळकांच्या जयंतीदिनी, भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. मालक आणि मजूर हे जन्मजात शत्रू आहेत, हा वर्गसंघर्षाचा सिद्धांत त्यांनी नाकारला. उद्योग हे एक कुटुंब आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

येथे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ठेंगडींच्या ‘औद्योगिक कुटुंबा’त मालकाच्या मर्जीला स्थान नव्हते. बोनसच्या प्रश्नावर भारतीय मजदूर संघाने घेतलेली भूमिका याची साक्ष देते. बोनस म्हणजे दिवाळीला मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी, ही समजूत त्या काळी रूढ होती. प्रत्यक्ष मिळणारे वेतन जोवर जगण्यापुरत्या वेतनापेक्षा कमी आहे, तोवर बोनस हे विलंबाने दिलेले वेतनच होय आणि म्हणून ते प्रत्येक कामगाराला मिळाले पाहिजे, असा आग्रह संघटनेने धरला. उपकार आणि वेतन यांतील ही सीमारेषा फार महत्त्वाची आहे. उपकार करणाऱ्याची वाहवा होते आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. वेतन घेणाऱ्याची मान मात्र ताठ असते.

हीच कसोटी प्रत्येक लाभाला लावता येते. उपदान म्हणजे वर्षानुवर्षे एका ठिकाणी टिकून राहण्याचे साठवलेले मोल आहे. भविष्य निर्वाह निधी म्हणजे आजच्या मजुरीतून उद्यासाठी बाजूला काढलेला घास. मातृत्व लाभ म्हणजे पुढच्या पिढीच्या संगोपनातील समाजाचा वाटा. या शेवटच्या बाबतीत तर मराठी मुलुखाने देशाला वाट दाखविली. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये मातृत्व लाभ कायदा झाला. त्यापूर्वी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या विधेयकाचे जोरदार समर्थन केले होते. त्यापाठोपाठ १९३० मध्ये, वर्धा जिल्हा ज्या प्रांतात मोडत होता, त्या मध्य प्रांतातही असा कायदा झाला. २०१७ मध्ये ही पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. परंतु आष्टी परिसरात कापूस वेचणारी, निंदणाला जाणारी, संत्र्यांच्या पेट्या भरणारी स्त्री जवळपास शंभर वर्षांनंतरही या लाभापासून दूरच आहे, कारण तिचा मालक रोज बदलतो आणि कायदा तिचा एकच मालक शोधत राहतो.

ही दृष्टी परकीय नाही. शुक्रनीतीत चाळीस वर्षे सेवा केलेल्या सेवकाला पुढे काम न करताही अर्धे वेतन आजन्म द्यावे, तसेच वर्षाला वेतनाचा आठवा भाग पारितोषिक म्हणून द्यावा, असे सांगितले आहे. या ग्रंथाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही निवृत्तिवेतन आणि बोनस या कल्पना येथील विचाराला अपरिचित नव्हत्या, एवढे त्यातून निश्चित दिसते. बलुतेदारीतही कारूनारूंना सुगीत हक्काचा वाटा होता. मात्र तो वाटा जातीच्या उतरंडीशी जखडलेला होता आणि सर्वांत कष्टाचे काम करणाऱ्याच्या पदरात सर्वांत कमी माप पडत होते, हेही तितकेच खरे. म्हणून जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणण्याचे स्वप्न कोणी पाहू नये. तिच्यातील हक्काची कल्पना घ्यावी आणि तिला समतेच्या पायावर उभे करावे. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत श्रमसंपत्तीला स्वतंत्र स्थान दिले, ते श्रमाला प्रतिष्ठा मिळावी म्हणूनच.

संस्थांनी पाहावयाचा आरसा

सरकारवर टीका करणे सोपे असते. अधिक अवघड आहे ते स्वतःच्या अंगणात डोकावणे. तालुक्याच्या गावी सुशिक्षित, सज्जन आणि सामाजिक कार्यात पुढे असणारी मंडळीच शाळा, पतसंस्था, रुग्णालये, वसतिगृहे चालवितात. या संस्थांच्या वार्षिक अहवालात सेवाभाव, संस्कार, राष्ट्रकार्य हे शब्द ठळक असतात. त्याच संस्थेत चौदा माणसे काम करीत असताना हजेरीपटावर नऊच का दिसतात? अकरा महिने संपले, की बारावा महिना ‘खंड’ का दाखविला जातो? वेतनाला ‘मानधन’ हे नाव का दिले जाते? सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच रक्कम, हा प्रकार सेवाभावाच्या कोणत्या व्याख्येत बसतो?

‘आमची संस्था सेवाभावी आहे, येथे कायदा कशाला?’ हे उत्तर वारंवार ऐकू येते. पण सेवा करावयाची ती संस्थेने समाजाची. शिपायाने आणि शिक्षिकेने आपल्या म्हातारपणाचे पैसे सोडून संस्थेची सेवा करावी, असा त्याचा अर्थ होत नाही. न्यायालयांनीही हे स्पष्ट केले आहे. शिक्षक हे उपदान कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला, तेव्हा संसदेने २००९ मध्ये व्याख्याच दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खासगी शाळांनी त्याला आव्हान दिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. त्याच वर्षी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनाही उपदानाचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. दारोदार फिरून दैनिक ठेव गोळा करणारे बँकांचे पिग्मी एजंट हे कामगारच होत, असा निर्वाळा तर २००१ मध्येच मिळाला होता. आष्टीसारख्या गावात शाळा, अंगणवाडी आणि पतसंस्था या तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर असतात. निकाल मात्र तेथवर यायला किती वर्षे लागतात, याचा विचार प्रत्येक संचालकाने करावा.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. एखाद्या संस्थेत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा १२,००० रुपये घेणारी लिपिक १५ वर्षे काम करून निवृत्त झाली. उपदानाचे सूत्र सोपे आहे. अखेरच्या वेतनाला २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावे. ही रक्कम १,०३,८४६ रुपये होते. तिचे नाव भविष्य निर्वाह निधीत असते, तर १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेच्या सूत्रानुसार तिला दरमहा सुमारे २,५७१ रुपये मिळाले असते. निधीची साठलेली रक्कम वेगळी. सेवेत असताना मृत्यू आला असता, तर वारसांना निधीशी जोडलेल्या विम्याचा आधार मिळाला असता. त्या विम्याची कमाल मर्यादा सात लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली आहे. हजेरीपटावरून पुसलेल्या एका नावाची किंमत ही अशी असते. तिच्या निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणे झाली असतील. शालीने ऊब मिळते, भाकरी मिळत नाही.

शेतकऱ्याने कोठून द्यावे?

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. संस्था आणि व्यापारी यांना हे सांगणे ठीक, पण आष्टी तालुक्यातील शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगावे? मृग बहर धरला तर पावसाने ताण दिलेला, आंबिया बहर धरला तर गळ लागलेली, कापसाला भाव नाही, मधूनच गारपीट. ज्या विदर्भात शेतकऱ्याच्याच गळ्याला फास लागतो, तेथे त्याच्यावर सालगड्याच्या निवृत्तिवेतनाचा भार टाकणे म्हणजे एका बुडत्याच्या पाठीवर दुसरा बुडता बसविणे होय. हा आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. मजदूर संघ उभा करणाऱ्या ठेंगडींनीच १९७९ मध्ये भारतीय किसान संघाचीही स्थापना केली, यामागे शेतकरी व मजूर या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे न करता दोघांचाही विचार करण्याची दृष्टी होती.

मार्ग आहे, आणि तो महाराष्ट्रानेच देशाला दाखविला आहे. १९६९ मध्ये अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून माथाडी कायदा आला. हमालाचा मालक रोज बदलतो, हीच अडचण तेथेही होती. कायद्याने मालक शोधत बसण्याऐवजी मंडळ उभे केले. व्यापाऱ्याने हमालीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने प्रत्येक हमालाच्या नावे मजुरी, निधी, बोनस, उपदान व औषधोपचार यांचा हिशेब ठेवावा, अशी ही रचना आहे. मालक बदलले तरी खाते बदलत नाही. या व्यवस्थेत कालांतराने दोष शिरले, काही ठिकाणी खंडणीखोरीच्या तक्रारी झाल्या, हे नाकारता येणार नाही. दोष काढावेत, रचना टाकू नये. संत्र्याची बाग हुंडीने घेणारा व्यापारी तोडणीची टोळी लावतो, पेट्या भरून ट्रक दूरच्या बाजारात पाठवितो. त्या व्यवहारात ट्रकामागे एक छोटी रक्कम मजुरांच्या खात्यासाठी वळती करणे अशक्य नाही. कापसाच्या आणि सोयाबीनच्या खरेदीलाही हेच सूत्र लावता येईल. हा भार शेतकऱ्याच्या चुकाऱ्यातून कापला जाऊ नये, व्यापार आणि प्रक्रिया उद्योगाने तो उचलावा, एवढी दक्षता मात्र कायद्यातच असली पाहिजे.

दुसरा दाखला रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून राज्यव्यापी झालेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्कात रूपांतरित झाली. तिच्यासाठी शहरातील पगारदारांकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. पगारपत्रकातील ती छोटीशी वजावट म्हणजे दरमहा ठरलेला पगार घेणाऱ्याने, हाताला काम नसलेल्यासाठी दिलेला वाटा होता. एका राज्याच्या मध्यमवर्गाने ग्रामीण मजुराशी जोडलेले हे नाते जगाच्या अभ्यासाचा विषय झाले. डोकी मोजणाऱ्या उंबरठ्याबाहेरच्या कामगारासाठी असाच त्रिपक्षीय वाटा, म्हणजे थोडा मालकाचा, थोडा मजुराचा आणि उरलेला शासनाचा, उभा करणे ही पुढची पायरी ठरावी. सामाजिक सुरक्षा संहितेने असंघटित कामगारांच्या नोंदणीची आणि निधीची तरतूद केली आहे. ॲपवरून माल पोहोचविणाऱ्या कामगारांसाठी कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान घेण्याचे तत्त्वही तिने स्वीकारले आहे. शहरातल्या दुचाकीवरच्या तरुणासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते संत्र्याची पेटी उचलणाऱ्या मजुराला का लावू नये?

पाडव्याला एक कागद

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर समाजाने हात बांधून बसावे काय? कायद्याने जे सक्तीचे केलेले नाही, ते करण्यास कायद्याची मनाईही नाही. साल ठरविताना बोलीबरोबर एक कागद करावा. त्यावर दोघांची नावे, कामाचे स्वरूप, वर्षाची रक्कम, उचल, सुट्ट्या आणि दोघांच्या सह्या असाव्यात. एक प्रत सालगड्याच्या घरी राहावी. मजुरी बँकखात्यात जमा करावी, म्हणजे पुरावा आपोआप तयार होतो. दुकानदाराने चार नोकर असले तरी नियुक्तीपत्र द्यावे. ई-श्रम नोंदणी केली आहे की नाही, हे विचारावे आणि नसेल तर मोबाइल हातात घेऊन ती स्वतः करून द्यावी.

दुसरी गोष्ट विम्याची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २०२२ पासून २० रुपये आणि जीवन ज्योती विमा योजनेचा ४३६ रुपये झाला. दोन्ही मिळून ४५६ रुपये होतात. वयाच्या अटीत बसणाऱ्या माणसाचा अपघाती मृत्यू झाल्यास त्याच्या कुटुंबाला या दोन योजनांतून प्रत्येकी दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळू शकते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या सालगड्यासाठी हा हप्ता मालकाने भरला, तर शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मृत्यूला निरनिराळी किंमत लावणारी रेषा थोडीतरी पुसट होईल. जो तरुण सालगडी चाळिशीच्या आत आहे, त्याच्या श्रमयोगी मानधन योजनेचा हप्ताही मालकाला उचलता येईल. तो वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपयांचा आहे, तेवढीच भर सरकार घालते आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपयांचे निवृत्तिवेतन मिळण्याची तिच्यात तरतूद आहे.

तिसरी गोष्ट बांधकाम मजुरांची. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी मागील वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गावात नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने गवंड्याला आणि बिगाऱ्याला हा दाखला मिळवून देणे हे आपल्या वास्तुशांतीचेच एक अंग मानावे. आणि जेथे दहा-वीसचा उंबरठा ओलांडला गेला आहे, अशा शाळांनी व संस्थांनी तर हजेरीपट खरा करावा. त्यासाठी कोणत्याही निरीक्षकाची वाट पाहण्याची गरज नाही. कार्यकर्त्याचे घर, दुकान आणि संस्था येथूनच याचा आरंभ झाला पाहिजे, कारण जो आपल्या घरी करीत नाही, त्याने चौकात सांगितलेले कोणी ऐकत नाही.

चार संहितांविषयी कामगार संघटनांत मतभेद आहेत. भारतीय मजदूर संघाने वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचे स्वागत केले आणि उरलेल्या दोहोंतील काही कलमांवर आक्षेप नोंदविले. इतर अनेक केंद्रीय संघटनांनी चारही संहितांना विरोध केला. हा वाद संसदेत, न्यायालयात आणि रस्त्यावर चालत राहील. पण सालगड्याला त्या वादाची वार्ताही नसते. त्याच्यापुरता कायदा म्हणजे पाडव्याच्या बैठकीत ठरलेला शब्द. तो शब्द कागदावर उतरला, बँकेच्या पुस्तकात दिसला आणि विम्याच्या पावतीत उमटला, म्हणजे त्याच्यापुरते स्वराज्य एक पाऊल जवळ आले.

आष्टीच्या मातीत १९४२ मध्ये ज्यांनी देह ठेवला, त्यांच्या स्मृतीला दरवर्षी नागपंचमीला वंदन केले जाते. त्या वंदनाच्या जोडीला येत्या पाडव्याला गावोगाव सालाचा एक एक कागद तयार व्हावा. ‘घरच्यासारखा’ या शब्दातील ‘सारखा’ गळून पडेल, तेव्हाच तो माणूस खरोखर आपल्या घरचा झालेला असेल.